तंजावरचा एक अलंकारटीकाकार

तंजावरच्या मराठी राजवटीचा वाङ्मयेतिहास लिहिताना आपली दृष्टी सहसा नाटकांवरच खिळते. १६८४ मध्ये गादीवर आलेल्या शहाजीराजांनी स्वतः मराठी नाटके रचली, तेव्हा हे स्वाभाविकच होय. परंतु त्यांच्याच आश्रयाने गंगाधर वाजपेयी यांनी अप्पय्य दीक्षितांच्या ‘कुवलयानंदा’वर लिहिलेल्या ‘रसिकरंजनी’ या संस्कृत टीकेची दखल आपण घ्यावी तशी घेतलेली नाही.

‘कुवलयानंद’ मुळातच दुपदरी आहे. जयदेवाच्या ‘चंद्रालोका’तील अर्थालंकारांच्या कारिका दीक्षितांनी बहुतांशी तशाच स्वीकारल्या, काही बदलल्या, काही नव्याने घातल्या. अशा ग्रंथात नकलकारांच्या हातून पाठांची सरमिसळ होणे सोपे. आणि कारिकेतील एक शब्द बदलला की अलंकाराचे लक्षणच बदलते. वाजपेयी मूळ पाठ निश्चित करण्यासाठी घेतलेले परिश्रम आवर्जून नमूद करतात. दीक्षित हे त्यांच्या आजोबांच्या बंधूंचे गुरू. पाठाविषयीच्या या आस्थेमागे ही परंपराही असावी.

चीनमध्ये ह्वांग खान यांनी १९१४ ते १९१९ या काळात पेकिंग विद्यापीठात ल्यू शिए याच्या, इ. स. ५०० च्या सुमारास रचलेल्या, साहित्यशास्त्रावर व्याख्याने दिली. त्यांच्या टिपणांत समकालीन थुंग-छंग गद्यसंप्रदायाशी चाललेला वाद स्पष्ट दिसतो. वादाचे कारण तंजावरातही होतेच: जगन्नाथ पंडिताने दीक्षितांची मते कठोरपणे खोडून काढली होती. मात्र दीक्षितांनी नेमके काय लिहिले हेच ठरले नसेल, तर खंडन कशाचे आणि मंडन तरी कशाचे? ‘रसिकरंजनी’चे मोल मला प्रथम येथे दिसते, तिच्या अलंकारविवेचनात नंतर.