वैमानिकांसाठीचे संशोधन हृद्रोग्यांच्या कामी

दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांचा वेग वाढला, तसे वैमानिकांवर एक नवे संकट ओढवले. विमान वेगाने वळविताना त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी येई. काहींची शुद्धही हरपे.

याचे कारण रक्ताभिसरणात होते. बसलेल्या माणसाचे मस्तक हृदयापासून सुमारे ३० सेंटिमीटर उंच असते. तेथवर रक्त चढविण्यात पाऱ्याच्या सुमारे २३ मिलिमीटर इतका दाब खर्ची पडतो. वळणावर शरीराचा भार पाचपट झाला, की हा खर्च ११५ पर्यंत जातो. हृदयाजवळचा कमाल दाब साधारणतः १२० असल्याने मेंदूसाठी जवळजवळ काहीच उरत नाही.

अमेरिकेत रॉचेस्टर येथील मेयो क्लिनिकमध्ये अर्ल वुड व त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाला बसवून फिरविणाऱ्या केंद्रोत्सारी चक्रावर याचा अभ्यास केला. संशोधक स्वतःही त्या चक्रात बसत. पाय व पोट यांवर हवेच्या पिशव्यांनी दाब देणारा पोशाख या प्रयोगांतून सिद्ध झाला.

तथापि या कार्याचे अधिक टिकाऊ फळ निराळेच होते. चक्र फिरत असताना रक्तदाब क्षणोक्षणी मोजणे आवश्यक होते; त्यासाठी अचूक साधने घडविली गेली. विरळ हवेत वैमानिकास प्राणवायू पुरतो की नाही, हे पाहण्यासाठी ग्लेन मिलिकन यांनी कानाच्या पाळीतून प्रकाश सोडणारा ऑक्सिमीटर तयार केला होता. वुड यांनी त्यात पुढे सुधारणा केली.

युद्धानंतर ही मोजमापे हृद्रोगाच्या निदानात उपयोगी पडली. शिरेतून हृदयात नळी सारून प्रत्येक कप्प्यातील दाब व प्राणवायू मोजला, की पडद्यातील छिद्राचा शस्त्रक्रियेपूर्वीच अंदाज येऊ लागला. २२ मार्च १९५५ रोजी जॉन कर्कलिन यांनी तेथे हृदय-फुफ्फुस यंत्राच्या साहाय्याने पहिली शस्त्रक्रिया केली. पहिल्या आठ रुग्णांपैकी चार दगावले. पण निदान व तंत्र सुधारत गेले, तशी जोखीम घटत गेली.

आज बोटाला लावण्याचा ऑक्सिमीटर गावोगावी परिचित आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृद्दोषांचीही तपासणी होते. खेळताना लवकर धाप लागणारे किंवा ओठ निळसर दिसणारे मूल शिक्षकांनी वा ग्रामपंचायत सदस्यांनी तपासणी पथकाच्या वेळीच नजरेस आणल्यास या ज्ञानाचा लाभ त्याच्यापर्यंत पोहोचेल.