कागद, कात्री आणि नवी दृष्टी : आधुनिक चित्रकलेतून बालहस्तकलेचे पाच पाठ

शाळेच्या वेळापत्रकात हस्तकलेचा तास बहुधा आठवड्यातून एकदाच येतो, आणि परीक्षा जवळ आली की तोच प्रथम गणिताला दिला जातो. उरलेल्या तासांत शिक्षकांनी एक फूल करून दाखवावयाचे व चाळीस मुलांनी चाळीस सारखी फुले करावयाची, अशी रीत अनेक ठिकाणी रूढ आहे. या रीतीने हात काही काळ गुंततात. दृष्टी व विचार मात्र स्वस्थ बसून राहतात. निवासी शाळेतील मुलांचा दिवसाचा बहुतेक वेळ शाळेच्याच आवारात जातो. त्यामुळे त्यांच्या हातांना व डोळ्यांना आपण काय देतो, याची जबाबदारी आमच्यावर अधिक येते. या जाणिवेतून आधुनिक चित्रकलेच्या आधारे कागदकामाचे जे पाठ आम्ही घेतो, त्यांतील पाच येथे पालक, माजी विद्यार्थी व हितचिंतक यांच्यासमोर ठेवीत आहोत. घरीही ते सहज घेता येतील.

आधुनिक कलाच का?

‘यात चित्र कुठे आहे?’ हा प्रश्न पालक आम्हाला नेहमी विचारतात, आणि तो रास्त आहे. याचे उत्तर आपल्या परिचयाच्या एका वस्तूत सापडते. पंचरंगी धम्मध्वजावर मूर्ती नाही, अक्षर नाही, प्राणी वा वृक्ष नाही. निळा, पिवळा, लाल, पांढरा व केशरी असे पाच उभे पट्टे, आणि त्याच पाच रंगांचे लहान तुकडे एकत्र येऊन झालेला सहावा पट्टा, एवढीच त्याची रचना आहे. १८८५ साली श्रीलंकेत सिद्ध झालेला हा ध्वज पाहताच आपल्या मनात अर्थ उभा राहतो. केवळ रंग व त्यांची मांडणी यांतून अर्थ व्यक्त होऊ शकतो, हे तत्त्व आपण कधीच स्वीकारलेले आहे. आधुनिक चित्रकारांनी याच तत्त्वाचा निरनिराळ्या दिशांनी शोध घेतला.

या शोधाचे एक मोठे केंद्र आपल्या शेजारी, मुंबईत होते. १९४७ साली सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे व बाकरे या तरुणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. त्यांपैकी कृष्णाजी हौलाजी आरा यांनी मुंबईत घरगडी म्हणून व मोटारी धुण्याचे काम करून पोट भरले होते. मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी तुरुंगवासही भोगला. कलाशाळेची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. वसतिगृहात राहणाऱ्या, मजूर आईबापांच्या मुलांना आरांचे नाव आम्ही आवर्जून सांगतो. कला ही श्रीमंतांच्या दिवाणखान्यातील वस्तू आहे, हा समज लहानपणीच दूर झालेला बरा.

आणखी एक व्यावहारिक कारण आहे. हुबेहूब घोडा काढता न आलेले मूल ‘मला चित्रकला येत नाही’ असे ठरवून टाकते आणि तो निर्णय आयुष्यभर पाळते. घडी, कात्री व रंगीत तुकडे यांपासून आरंभ केला, तर रेखाटनाचे कौशल्य नसलेल्या मुलालाही आत येण्यास दार मिळते. पिकासो व ब्राक यांनी १९१२ साली वर्तमानपत्राचे व भिंतीला लावावयाच्या कागदाचे तुकडे चित्रात चिकटवले, तेव्हापासून साधा कागद कलेच्या साहित्यात मानाने सामील झालेला आहे.

पाठ पहिला : घडी

जर्मनीतील बाउहाउस या कलाशाळेत योझेफ आल्बर्स हे नवागतांना शिकवीत. एकदा त्यांनी वर्तमानपत्रांचा गठ्ठा विद्यार्थ्यांपुढे ठेवला आणि काहीही वाया न घालवता त्यातून काहीतरी घडवण्यास सांगितले. कोणी किल्ला केला, कोणी नाव, कोणी मुखवटा. आल्बर्सांना आवडला तो एका विद्यार्थ्याने केवळ उभी घडी घालून टेबलावर उभा केलेला कागद. किल्ला दुसऱ्या साहित्यानेही झाला असता. परंतु लवचीक कागद एका घडीने ताठ होतो व आपल्या अरुंद कडेवर उभा राहतो, हा कागदाचाच गुण त्या विद्यार्थ्याने ओळखला होता.

हा पाठ जसाच्या तसा घ्यावा. प्रत्येक मुलास वर्तमानपत्राचे एक पान द्यावे. कात्री व खळ देऊ नये. वीस मिनिटांनी प्रत्येकाने आपला कागद उभा करून दाखवावा. नंतर त्यावर हळूहळू वह्या ठेवून कोणता आकार अधिक भार पेलतो ते पाहावे. पंख्यासारख्या चुण्या घातलेला कागद सपाट कागदापेक्षा कितीतरी अधिक भार सहन करतो, आणि छतावरचा पत्रा नागमोडी का असतो, हे मुले स्वतःहून सांगतात. घडीतून भूमिती शिकवण्याची परंपरा आपल्या देशातही आहे. टी. सुंदर राव यांचे कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारे इंग्रजी पुस्तक १८९३ साली मद्रासमध्ये प्रसिद्ध झाले होते.

पाठ दुसरा : बिंदू

चित्रकार सय्यद हैदर रझा यांचा जन्म १९२२ साली मध्य प्रदेशातील मंडला जिल्ह्यात झाला. लहानपणी त्यांचे चित्त अभ्यासात स्थिर राहत नसे. तेव्हा शाळेतील शिक्षकांनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे एकाग्रतेने पाहत राहण्यास सांगितले, ही आठवण रझा पुढे अनेकदा सांगत. नागपूर, मुंबई व पॅरिस असा प्रवास झाल्यानंतर त्यांच्या चित्रांत बिंदू हा केंद्रस्थानी आला. चंचल मुलाला शिक्षा न करता पाहण्यास एक जागा देणारे ते शिक्षक आम्हा शिक्षकांनाही काही शिकवून जातात.

कृती अशी : २० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा चौकोनी पुठ्ठा घ्यावा. कंपासने ९, ७, ५ व ३ सेंटिमीटर त्रिज्येची चार वर्तुळे वेगवेगळ्या रंगांच्या कागदांतून कापावीत व एकाच केंद्रावर एकावर एक ठेवावीत. चिकटवण्याची घाई करू नये. प्रथम रंगांचा क्रम बदलून पाहावा. मग एकाच करड्या कागदाचे दोन लहान ठिपके कापून एक काळ्या व दुसरा पिवळ्या वर्तुळावर ठेवावा. ते दोन निरनिराळ्या छटांचे भासतात. रंग शेजाऱ्यामुळे बदलतो, हे डोळ्यांनी अनुभवल्यावर मूल चित्राकडे अधिक सावधपणे पाहू लागते.

पाठ तिसरा : ताणा आणि बाणा

हा पाठ भिवंडीचा स्वतःचा आहे. येथील कित्येक मुलांना झोप लागते तीच यंत्रमागाच्या खडखडाटात. उभा धागा ताणा, आडवा धागा बाणा, हे शब्द त्यांना पुस्तकातून शिकावे लागत नाहीत.

२० सेंटिमीटरचा चौकोनी कागद मधोमध दुमडावा. दोन्ही बाजूंना २ सेंटिमीटर जागा सोडून, दुमडलेल्या कडेपासून उघड्या कडेकडे एकेका सेंटिमीटरवर सरळ काप द्यावेत. उघड्या कडेच्या २ सेंटिमीटर आधी थांबावे. असे १७ काप दिले व कागद उलगडला की १६ उभ्या पट्ट्यांचा ताणा तयार होतो. दुसऱ्या रंगाच्या कागदाच्या १ सेंटिमीटर रुंद व २० सेंटिमीटर लांब अशा १६ पट्ट्या म्हणजे बाणा. पहिल्या दिवशी एक वर, एक खाली अशी साधी वीण घालावी. दुसऱ्या दिवशी दोन वर, दोन खाली अशी वीण घालून प्रत्येक ओळीत एक घर सरकावे. पाचवी ओळ पुन्हा पहिलीसारखी येते आणि कागदावर तिरक्या रेषा उमटतात. जीन्सच्या कापडावर दिसणारी तिरकी रेघ हीच.

काही मागांवर नक्षीसाठी छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ असते. फ्रान्समधील जॅकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेल्या या युक्तीत, पुठ्ठ्यावरील छिद्र कोणता धागा वर उचलावयाचा ते ठरवते. चौकटीच्या कागदावर भरलेले घर म्हणजे ‘वर’ व रिकामे घर म्हणजे ‘खाली’ असे मानून मुलांनी आपली नक्षी आधी लिहावी व मग विणावी.

वीण ही चित्रकलेहून हलकी समजण्याचे कारण नाही. बाउहाउसच्या विणकाम विभागात शिकलेल्या आनी आल्बर्स यांच्या विणकामाचे स्वतंत्र प्रदर्शन १९४९ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात भरले होते. ‘कोरा कॅनव्हास’ लिहिणारे मराठी चित्रकार प्रभाकर बरवे यांनी विणकर सेवा केंद्रात अनेक वर्षे नोकरी केली. के. जी. सुब्रमण्यन, अंबादास यांसारखे कलावंतही हातमागाच्या कामाशी जोडलेले होते. हे सांगितल्यावर, एरवी वडिलांचा व्यवसाय सांगताना आवाज खाली आणणारा विद्यार्थी फळ्याशी येऊन धोटा कसा धावतो, कांडी केव्हा बदलतात व धागा तुटला तर काय करतात, हे वर्गाला समजावून देऊ लागतो. घरातील श्रमात ज्ञान आहे, हे मुलाला जाणवणे हाच या पाठाचा खरा लाभ होय.

पाठ चौथा : कात्रीची रेषा

फ्रेंच चित्रकार आंरी मातिस यांच्यावर १९४१ साली मोठी शस्त्रक्रिया झाली. पुढे चित्रफलकापुढे उभे राहणे कठीण झाल्यावर ते खुर्चीत वा अंथरुणात बसून, रंगवलेले कागद कात्रीने कापू लागले. ‘जॅझ’ हा त्यांचा गाजलेला संग्रह १९४७ साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडील उदाहरण याहूनही विलक्षण आहे. शांतिनिकेतनचे बिनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी १९५७ साली शस्त्रक्रियेनंतर पूर्णपणे गेली. तरीही स्पर्शाच्या आधारे कागद कापून व चिकटवून त्यांनी चित्रे केली. सत्यजित राय हे त्यांचे विद्यार्थी; त्यांनी १९७२ साली आपल्या या गुरूंवर ‘द इनर आय’ हा माहितीपट काढला.

मुलांनी प्रथम साधे कागद पोस्टर रंगाने रंगवून वाळवावेत. नंतर पेन्सिलीने न आखता सरळ कात्रीने पान, मासा, लाट असे आकार कापावेत. कात्री स्थिर धरून कागद फिरवला म्हणजे वळण गोल येते. कापलेला आकार व मागे उरलेली खिडकी, दोन्ही जपून ठेवावीत. चित्रात दोहोंचा उपयोग करावा. शेवटी डोळे मिटून, फक्त बोटांनी कागद फाडून एक आकार करावा. दृष्टिहीन मित्राला वर्गात काय जमेल, हा प्रश्न त्यानंतर मुलांना वेगळ्या रीतीने पडतो.

पाठ पाचवा : उमटलेला रंग

वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ साली नागपूरचा. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत त्यांचे शिक्षण झाले. झेन विचाराची त्यांना ओढ होती आणि मौन हा त्यांच्या स्वभावाचा भाग होता. ते रंग रोलरने व पात्याने पसरत. ओल्या रंगावर कागदाचे तुकडे ठेवून उचलीत, त्यामुळे रंग कोठे निघून येई, कोठे उमटे.

जाड पुठ्ठ्यावर घट्ट पोस्टर रंग लावावा. ओला असतानाच वर्तमानपत्राचे फाटके तुकडे त्यावर ठेवावेत, पुठ्ठ्याची रिकामी नळी वरून फिरवावी आणि तुकडे अलगद उचलावेत. जे उमटेल ते आधी ठरवता येत नाही. म्हणून या तासाला दहा मिनिटे मौन पाळावे, व मुलांनी उमटलेल्या खुणांकडे नुसते पाहावे. पुढचा तुकडा कोठे ठेवावयाचा, हे त्या पाहण्यातूनच ठरते.

साहित्य, खर्च आणि मूल्यमापन

या पाठांना महागडे साहित्य लागत नाही. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील बोर्डी येथे १९४५ साली बालशिक्षणाचे काम सुरू करणाऱ्या ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी पाने, बिया, शंख-शिंपले यांपासून शैक्षणिक साधने उभी केली. तोच मार्ग येथे उपयुक्त आहे. दोन चमचे मैदा पेलाभर पाण्यात कालवून मंद आचेवर शिजवला की खळ होते. ती दोन दिवसांत वापरून संपवावी. लहान मुलांना बोथट टोकाचीच कात्री द्यावी.

या कामास गुण देणे आम्ही टाळतो. त्याऐवजी तीन प्रश्न विचारतो : तू काय करून पाहिलेस? काय बदललेस? शेजाऱ्याच्या कामात तुला काय दिसले? एलिमेंट्री व इंटरमिजिएट परीक्षांना बसणाऱ्या मुलांना संकल्पचित्रात या सरावाचा उपयोग होतो, आणि त्या श्रेणीमुळे दहावीला सवलतीचे गुणही मिळतात. तो लाभ अवश्य घ्यावा. परंतु उत्तर आधी ठाऊक नसलेल्या कामात शांतपणे गुंतून राहण्याची सवय हा त्याहून दीर्घकाळ टिकणारा लाभ आहे.

पालक व माजी विद्यार्थ्यांना आमची नम्र विनंती आहे. सुताचे रिकामे कोन, पुठ्ठ्याच्या नळ्या, जुन्या लग्नपत्रिका, दिनदर्शिकांची पाने रद्दीत न टाकता शाळेत पोहोचवावीत. मागावर काम करणाऱ्या पालकांनी ताणा-बाण्याच्या तासाला अवश्य यावे. त्या दिवशी वर्गातील शिक्षकाची खुर्ची त्यांचीच असेल.