घाट उतरताना स्टिअरिंग थरथरतं

प्रश्न : पाचगणीहून पसरणी घाट उतरताना ब्रेक दाबला की माझ्या छोट्या गाडीचं स्टिअरिंग थरथरतं. ब्रेक पॅड नवेच आहेत. डिस्क वाकली असेल का?

उत्तर : संशय पुढच्या डिस्कवरच घ्या. मात्र ‘वाकली’ म्हणतात ती डिस्क बहुतेकदा वाकलेली नसते. तिची जाडी कमीजास्त झालेली असते, किंवा तापलेल्या पॅडचा थर तिच्यावर असमान बसलेला असतो. मेकॅनिकला हबवरचा गंज घासून मगच डायल गेज लावायला सांगा. किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते. लेथवर घासूनही तेवढी उरणार नसेल, तर दोन्ही बाजूंच्या डिस्क बदला, पॅडसकट. पावसाळ्यात सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला येणारी खरखर गंजाची असते, तिचा बाऊ नको. घाटात मात्र दुसऱ्या गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर सतत पाय नको.