सायकलीचे सुकाणू सोडविताना

तांबरम व मद्रास बंदर यांच्या दरम्यान १९३१ साली विजेची आगगाडी सुरू झाली. आज तांबरमहून दक्षिणेकडील लांब पल्ल्याच्या गाड्याही सुटतात. सामानाच्या डब्यातून सायकल सबंध नेता येते. तथापि ती खोक्यात भरावयाची झाल्यास सुटी करणे भाग पडते. चाके काढणे सोपे. घोटाळा होतो तो हँडलापाशी.

जुन्या पद्धतीच्या सायकलीत हँडलाचा दांडा चिमट्याच्या पोकळ नळीत उतरलेला असून तळच्या पाचरीने आतून घट्ट बसतो. ब्रेकच्या सळया आधी सोडवाव्या. मग वरचा बोल्ट दोन-तीन आटे सैल करून, त्यावर लाकडी ठोकळा ठेवून हलकेच ठोकावे. पाचर सुटते व हँडल वर निघते. चिमट्यास निराळा नट धरून असतो, म्हणून तो खाली येत नाही. त्या नटास पाना लावूच नये. सुटे छर्रे जमिनीवर विखुरले, की सारे शोधून काढणे कठीण.

अलीकडील पुष्कळ सायकलींत मात्र हँडलाचा आधार नळीवर बाहेरून आवळलेला असतो, आणि तोच चिमट्यास धरून ठेवतो. तो काढताच चिमटा स्वतःच्या भाराने निसटतो. यास्तव आधार निघाल्यावर तेवढ्याच उंचीच्या कड्या नळीवर चढवून वरची टोपी पुन्हा बसवावी; कड्या नसल्यास चिमटा सांगाड्याशी सुतळीने बांधावा. जोडताना प्रथम टोपीचा बोल्ट बेताने कसावा, आधाराचे बाजूचे बोल्ट त्यानंतर. हा क्रम उलटला तर छर्र्यांवर दाब पोहोचतच नाही, आणि पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलविली असता डोक्याशी खडखड जाणवते. अशी सायकल रस्त्यावर नेऊ नये.