पोवळ्याच्या अंगावरची चाळ

अंगठीतले लाल पोवळे आपण सर्वांनी पाहिले आहे. तो समुद्रातल्या बारीक जिवांनी बनवलेला सांगाडा असतो. त्यांचेच भाऊबंद, म्हणजे प्रवाळ, मुंबईतही आहेत बरं का! लक्षद्वीपसारखी प्रवाळ बेटे तिथे नाहीत. पण हाजी अली नि वरळीला मोठी ओहोटी लागली, की खडकांना चिकटलेल्या त्यांच्या लहान लहान वसाहती दिसतात.

प्रवाळ कधी एकटा राहत नाही. माझे मामा लालबागला चाळीत राहतात. तिथे जशी खोलीखोलीत बिऱ्हाडे, तशीच प्रवाळाच्या अंगावर जीवाणूंची असतात. अंगावरच्या बुळबुळीत थरात काही, मांसात काही, तर सांगाड्यात काही. त्यांतले कित्येक रोगजंतूंना मारणारी द्रव्ये तयार करतात. काही जातींच्या अंगात शैवालही राहते. ते उन्हात अन्न बनवते नि घरमालकाला देते.

ही बिऱ्हाडे येतात कुठून? काही जातींत आईच पिलाला जीवाणू देते. बाकीचे पिलू समुद्राच्या पाण्यातून मिळवते. सुरुवातीला नाना प्रकारचे येतात, मग ज्यांना ते घर मानवते तेच टिकतात. दुधात विरजण घातल्यावर दह्याचे जीवाणू वाढतात नि इतर मागे पडतात, तसेच हे.

पण पाणी तापले किंवा घाण झाले, की बिऱ्हाडे बदलतात. राखणदार कमी होतात, रोग आणणारे वाढतात. उष्णता फार झाली तर शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरा पडतो. तो लगेच मरत नाही. पाणी वेळेवर निवले तर सावरतोही.

२०२० साली मुंबईच्या किनारी रस्त्याच्या वाटेत आलेल्या १८ वसाहती राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मदतीने दुसऱ्या जागी हलवल्या. मला वाटते, तेव्हा नुसता दगड हलला नाही, अख्खी चाळ हलली. नव्या जागी पाणी मानवले नाही, तर प्रवाळाचे हे शेजारीही बदलणार. म्हणून जागा बदलण्यापेक्षा आहे तिथले पाणी स्वच्छ ठेवलेले बरे.

पालकांनाही एक विनंती. मुंबईच्या खडकांवर प्रवाळ दिसला तर त्याला चोळू नका, उपटू नका. हाताने तो थर निघाला, की राखणदारही गेले. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात वाघ ज्या यादीत आहे, त्याच यादीत प्रवाळही आहे. लांबूनच पाहा, मुलांनाही दाखवा.