कॅक्टस आजारी पडला? आधी बुंधा दाबून बघा, मग खिशात हात घाला

कॅक्टस पिवळा पडला, सुरकुतला किंवा एका बाजूला कलला, की लगेच नर्सरीत धाव घेऊ नका. तिथून बहुतेक वेळा टॉनिकची बाटली घेऊन परत याल, आणि मऊ पडलेल्या झाडाला टॉनिकचा काडीइतकाही उपयोग नाही. घरीच दोन गोष्टी तपासा. वेळ पंधरा मिनिटं, खर्च शून्य.

पहिली, आइस्क्रीमच्या चपट्या काडीने मातीलगतचा बुंधा हलकेच दाबा. टणक लागला तर घाई नाही. मऊ लागला, काडी रुतली किंवा आंबूस वास आला तर मूळकूज आहे, आजच कामाला लागा. दुसरी, बांबूची बारीक काडी कुंडीच्या तळापर्यंत खुपसा आणि दहा मिनिटांनी काढा. माती वरून कोरडी दिसते आणि तळाशी चिखल असतो, म्हणून वर बोट लावून पाहणं पुरत नाही. झाड सुरकुतलंय, बुंधा टणक आहे आणि काडी कोरडी निघाली, तर झाड तहानलेलं आहे. भरपूर पाणी द्या, काही दिवसांत पुन्हा टपोरं होईल. सुरकुतलंय पण काडी ओली निघाली, तर मुळं गेली आहेत. इथेच बहुतेक जण चुकतात आणि आणखी पाणी घालतात.

मूळकुजीवर उपाय एकच, कापणं. लागतं काय? धारदार कटर, मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट (छोटी बाटली साधारण 50 ते 100 रुपये), जुनं वर्तमानपत्र आणि जाड हातमोजे. झाड कुंडीतून काढा. सडलेल्या भागाच्या वर आडवा काप घ्या आणि कापलेला भाग उजेडात धरून नीट बघा. मधल्या गाभ्यात तपकिरी किंवा नारिंगी ठिपका, अगदी टाचणीच्या टोकाएवढा जरी दिसला, तरी कूज वर चढलेली आहे. पातं स्पिरिटने पुसा, अर्धा सेंटीमीटर वर पुन्हा कापा. गाभा आणि भोवतीचा गर एकसारखा स्वच्छ, पांढुरका-हिरवा दिसेपर्यंत हेच करा. पातं न पुसता कापलंत तर सड तुम्हीच वर नेता.

वरचा निरोगी तुकडा सावलीत, हवेशीर जागी, कोरडा ठेवा. लहान काप आठवड्याभरात वाळतो, जाड बुंध्याला दोन-तीन आठवडे लागतात. खपली धरली की माती-वाळूच्या कोरड्या मिश्रणावर नुसता टेकवून ठेवा. मुळं फुटायला साधारण तीन ते सहा आठवडे, थंडीत त्याहून जास्त. तोवर भरपूर पाणी नाही. बुरशीनाशक हवंच असेल तर कार्बेन्डाझिम-मँकोझेबची मिश्र पावडर कृषी सेवा केंद्रात मिळते, लहान पाकीट साधारण 100 रुपयांच्या आसपास. पण काप स्वच्छ आणि कोरडा ठेवलात तर तिच्याशिवायही भागतं.

पावडर घेतलीच तर मूळ पाकिटातली घ्या आणि बिल मागा. लेबल नसलेल्या पिशवीत सुटी भरून दिलेली पावडर 20 रुपयांत मिळाली तरी नको. आत काय आहे, किती घालायचं, पोटात गेलं तर डॉक्टरांना काय सांगायचं, यातलं काहीच तुम्हाला कळणार नाही. घरात लहान मूल असेल तर याबाबत अजिबात तडजोड करू नका.

आता पिठ्या ढेकूण. काट्यांच्या मुळाशी कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात. पण काही जातींना तिथे निसर्गतःच लोकर असते, तेव्हा फवारणीआधी खात्री करा. कानकोरणीचा कापूस स्पिरिटमध्ये बुडवून पुंजक्यावर दाबा. कापसाला गुलाबी-नारिंगी डाग लागला तर कीड, काहीच लागलं नाही तर लोकर. कीड असेल तर याच कापसाने एकेक टिपून काढा, झाड दोन-तीन दिवस उन्हातून हलवा, आणि दर आठवड्याला असं किमान चार वेळा करा, कारण अंडी पहिल्या खेपेला मरत नाहीत. झाड उगाच खुरटलं असेल तर कुंडीतून काढून मुळंही बघा. तिथेही हीच कीड लपते. मुळं धुवा, वाळवा, माती पूर्ण बदला. जुनी माती दुसऱ्या कुंडीत टाकू नका. टोकाकडून तांबूस, खरबरीत पट्टा आणि बारीक जाळं दिसलं तर तो लाल कोळी. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन लवकर वाळू द्या. नाहीच हटला तर नीमतेल, लेबलवरच्या प्रमाणात आणि ऊन उतरल्यावर.

काही खुणांवर मात्र एक रुपयाही खर्च करू नका. जुन्या झाडाचा बुंधा खालून हळूहळू तपकिरी आणि लाकडासारखा टणक होतो, ते वय आहे. ऐन उन्हाच्या बाजूला पडलेला फिकट, कोरडा चट्टा म्हणजे करपणं. तो पुसला जात नाही, पण पसरतही नाही. सावलीतून झाड एकदम गच्चीत नेलं की हे होतं, म्हणून दोन आठवड्यांत थोडं थोडं ऊन वाढवा. शेंडा बारीक आणि फिकट निघतोय, म्हणजे उजेड कमी. बारीक झालेला भाग पुन्हा जाड होत नाही.

प्रतिबंधाचा खर्च कुंडी आणि मातीचा. तळाला भोक असलेली चार इंची मातीची कुंडी साधारण 30 ते 60 रुपये. मिश्रणात दोन भाग विटांचे वाटाण्याएवढे तुकडे किंवा जाड, धुतलेली वाळू, एक भाग साधी माती, अर्धा भाग जुनं कुजलेलं खत. समुद्राची वाळू नको, तिच्यात मीठ असतं. तयार ‘कॅक्टस मिक्स’ घेणार असाल तर आधी पिशवी हातात घेऊन बघा. हलकी, तपकिरी, नुसत्या कोकोपीटची असेल तर मूळकुजीची अडचण परत येईल. कोकणात, मुंबईत आणि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर कुंड्या छपराखाली ओढा आणि पाणी जवळपास बंद ठेवा. वर्षभरातली सगळ्यात मोठी बचत हीच.

नवीन झाड घेताना तीन फसवणुका ओळखा. वरचं रंगीत फूल डिंकाने चिकटवलेलं असतं. अंगावर रंग फवारलेला असतो. वरचे खडे एकमेकांना चिकटवलेले असतात, त्यामुळे पाणी आत नीट मुरत नाही आणि माती वाळतही नाही. खडे घरी आणताच उचकटून काढा. लाल-पिवळ्या गोळ्याचा ‘मून कॅक्टस’ साधारण 150 ते 300 रुपयांना मिळतो, पण ते कलम आहे. वरच्या गोळ्यात हरितद्रव्य नाही, तो खालच्या हिरव्या खुंटावर जगतो. खुंट बहुतेक वेळा ड्रॅगन फ्रूटच्या जातकुळीचा असतो. तो मऊ पडला तर गोळा नुसता मातीत लावून जगत नाही, नव्या खुंटावर कलम करावं लागतं. फार वर्षं टिकेल या हिशेबाने पैसे घालू नका.

ऑनलाइन मागवताना झाडाच्या किमतीत पाठवणावळ मिळवा. 120 च्या झाडावर 100 रुपये डिलिव्हरी सहज लागते. बदलून देण्याची हमी बहुधा पार्सल उघडतानाच्या व्हिडिओवर अवलंबून असते, तेव्हा कात्री लावण्याआधी मोबाइल सुरू करा. परदेशी विक्रेत्याकडून थेट मागवणं टाळा. आयात परवाना, पाठवणाऱ्या देशाचं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र आणि जवळपास सगळ्या कॅक्टसना लागणारी साइट्सची (CITES, संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) कागदपत्रं नसतील तर पार्सल अडकतं आणि झाड नष्ट केलं जाऊ शकतं. ‘कागदपत्रांची गरज नाही, आम्ही पोचवतो’ असं कुणी म्हणालं, तर पैसे भरू नका.