सभेला निघालीस, तर हे ऐकून जा

पोरी, यंदा कुणाच्या सांगण्यावरून नाही, स्वतःच्या मनाने प्रचारसभेला निघालीस, हे बरं केलंस. कुठल्या पक्षाची सभा, ते मी विचारणार नाही. तुझ्या बापाच्या घरात, म्हणजे माझ्या माहेरातच, दोन पक्ष आहेत आणि माझ्या सासरी तीन. पण जायचं कसं, हे आत्याकडून ऐकून जा.

पहिली गोष्ट. भाषण ऐकायचं म्हणून सभेला जाऊ नकोस. भाषण रात्री मोबाइलवर सापडतं, आणि तिथल्यापेक्षा नीट ऐकू येतं. सभेला जायचं ते माणसं बघायला. मागच्या रांगा भरल्यात का, की पुढच्याच लोकांचे फोटो निघतायत? नेता बोलत असताना बाया उठून गाडीकडे चालल्यात का? टाळ्या एका कोपऱ्यातूनच येतायत का? बाजूच्या चहाच्या गाड्यावर उभी असलेली माणसं काय बोलतात, ते तर कान देऊन ऐक. उपरणं गळ्यात नसलेला माणूस खरं बोलतो.

आणि गर्दी बघून हुरळूनही जाऊ नकोस. १८ ऑक्टोबर २०१९ ला साताऱ्यात जिल्हा परिषदेच्या मैदानावर शरद पवार भर पावसात बोलले, लोक भिजत ऐकत राहिले, आणि साताऱ्याची लोकसभेची पोटनिवडणूक त्यांच्या पक्षाने जिंकली. पण त्याच वर्षी उन्हाळ्यात राज ठाकरे एकही उमेदवार उभा न करता भाजपविरोधात महाराष्ट्रभर सभा घेत फिरले. पडद्यावर व्हिडिओ लागायचे, मैदानं तुडुंब भरायची. निकाल लागला तेव्हा राज्यातल्या ४८ पैकी ४१ जागा युतीच्याच. लोक ऐकायला आले होते, मत आधीच ठरवून. म्हणून तुझ्या डोळ्यांना दिसलेलं घरी येऊन वहीत लिही आणि निकालाच्या दिवशी ताडून बघ. दोन-तीन निवडणुकांत नजर तयार होते.

आता वेळेचं. पत्रिकेवर चार लिहिलं असेल तर नेता सहाला येतो, सात वाजले तरी नवल नाही. हेलिकॉप्टरने येणार असेल तर त्याला अंधार पडायच्या आत उडायचं असतं, मग भाषण आटोपशीर होतं. गाडीने येणार असेल तर रात्री दहाला भोंगे बंद करावेच लागतात, तिथून मागे मोजायचं. ही मधली तीन तास बसण्याची वेळच बायकांना भारी पडते, कारण मैदानावर पुरुषांची सोय कशीबशी असते, आपली नसते. पोचल्या पोचल्या आधी तेवढं बघून घे. जवळ शाळा, देऊळ, ओळखीचं घर काही आहे का, ते विचार. ते नको म्हणून पाणीच प्यायचं नाही, हा आमच्या बायांचा जुना हट्ट, तो मात्र धरू नकोस. २०२३ च्या एप्रिलमध्ये खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा भर उन्हात झाला आणि उष्माघाताने १४ माणसं गेली. ती प्रचारसभा नव्हती, पण ऊन काही पक्ष बघून लागत नाही. मोठ्या सभेत बाटली दारातच काढून घेतात, म्हणून आत शिरायच्या आधी पोटभर पी. डोक्याला पांढरा पंचा किंवा सुती ओढणी घे. काळी नको, निषेधाला फडकवतील म्हणून पोलीस कधी कधी काळा रुमालसुद्धा ठेवून घेतात.

मंगळसूत्र घरी. हौसच असेल तर जत्रेतलं पोतीचं घाल. गर्दीत मोबाइल मागच्या खिशात ठेवणारी तुमची पिढी आहे, म्हणून हेही सांगते: पैसे दोन जागी, आणि गाडीवाल्याचा नंबर कागदावर. मैदानात माणूस वाढला की फोन लागत नाही. सभा सुटली की एकसारख्या शंभर क्रूझर उभ्या असतात, आपली कुठली ते कळत नाही. उतरतानाच आरशाला रंगीत चिंधी बांध आणि चुकलो तर कुठे भेटायचं, तो खांब किंवा दुकान सगळ्या बायांना दाखवून ठेव.

बसायचं कडेला, वाटेलगत. भोंग्याच्या समोर नको, कटआउटच्या बांबूखाली तर मुळीच नको. नेत्याची गाडी आली की पोरं त्या बाजूला लोटतात, तेव्हा तू उलट्या बाजूला सरक. तामिळनाडूत करूरला २७ सप्टेंबर २०२५ ला अभिनेते विजय यांच्या सभेत चेंगराचेंगरी होऊन ४१ जण गेले. लोक सकाळपासून ताटकळलेले होते, नेता संध्याकाळी आला. रेटा आलाच तर हात छातीशी धर, पायातली चप्पल निघाली तर निघू दे, वाकायचं नाही, आणि रेट्याला आडवं न जाता तिरकं तिरकं कडेला यायचं. लेकरू तर नेऊच नकोस, कुणी कितीही म्हणो.

गाडी आणि जेवणाचं पाकीट पक्षाने दिलं तर त्यात लाजण्यासारखं काही नाही, त्याचा खर्च उमेदवाराच्या नावावर लागतो. विधानसभेला ४० लाखांची मर्यादा आहे, म्हणून तर निवडणूक आयोगाची माणसं कॅमेरा घेऊन खुर्च्या आणि गाड्या टिपत फिरतात. रोख मात्र घेऊ नकोस. पैसे घेऊन गेलीस की तू कार्यकर्ती राहत नाहीस, मजूर होतेस, आणि मजुराला पुढे कुणी विचारत नाही.

औक्षणाला पुढे बोलावतील. नऊवारी नेसा, फेटे बांधा, तबक घ्या. जा, पण आधी विचार की सावली कुठे आणि नेता किती वाजता. ओवाळायला बायका पुढे आणि तिकिटाला मागे, हे मी आयुष्यभर बघत आले. स्थानिक संस्थांत निम्म्या जागा राखीव झाल्या म्हणून आता जरा बरं, नाहीतर तबक धरूनच जन्म गेला असता. सभा संपल्यावर सतरंज्या गोळा करायला मात्र थांब. लोक हसतात त्या कामाला, पण मैदान रिकामं झाल्यावर तिथे उरलेली पाच-सात माणसंच पक्षात खरी चालती-बोलती असतात. त्यांची ओळख करून घे. दरवेळी मात्र तूच उचलायला लागलीस, तर नाव कायमचं सतरंजीवालीच पडेल.

पाणी योजनेचं निवेदन नेणार म्हणालीस ना? स्टेजवर चिठ्ठी पाठवू नकोस, ती सूत्रसंचालकाच्या पायाखाली जाते. सुरुवातीला किरकोळ पुढारी बोलत असतात तेव्हा उमेदवाराचा स्वीय सहायक स्टेजच्या मागे मोकळा असतो, त्याला गाठ. दोन प्रती, सह्या, खाली मोबाइल नंबर, आणि आपल्या प्रतीवर त्याची सही घे. न देईल तर देतानाचा फोटो काढ.

परतताना गाडीत घोषणा देत गावात शिरू नका. वेशीवरच उपरणं पिशवीत टाक. समोरच्या पक्षाचा पाटील शेजारी आहे, त्याच्या विहिरीवरून आपल्याला पाणी येतं. आणि ज्या क्रूझरने सभेला गेलीस तिचा ड्रायव्हर मतदानाच्या दिवशीही म्हाताऱ्या आणायला येईल, तेव्हा कुणालाही तीत बसवू नकोस. सभेला नेणं चालतं, पण उमेदवाराच्या गाडीतून मतदार केंद्रावर नेणं हा कायद्याने गुन्हा आहे. आजीला मी माझ्या रिक्षाने नेईन.